क्यूएफ-पीसीआरमध्ये ट्रायसोमी २१ आली, पण कॅरिओटाइप झालाच नाही : आता कोणती तपासणी मागावी?

द्राक्षबाग (तासगाव)

नमस्कार. बरीच वर्षे मी येथे वाचनमात्र होते, त्यामुळे लिहिण्यात काही कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

माझे वय २८ आहे आणि यजमानांचे ३१. मागच्या वर्षी पहिल्या खेपेला बाराव्या आठवड्यातील डबल मार्करमध्ये डाउन सिंड्रोमची जोखीम ६० त १ अशी आली. सोळाव्या आठवड्यात सांगलीत पोटातून पाणी काढले, नमुना पुण्याला गेला आणि तिसऱ्या दिवशी क्यूएफ-पीसीआर या जलद तपासणीचा अहवाल आला : ट्रायसोमी २१, म्हणजे २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती (डाउन सिंड्रोम). आम्ही दोघांनी विचार करून अठराव्या आठवड्यात गर्भपात करून घेतला. त्या निर्णयाची चर्चा येथे नको, एवढी विनंती आहे.

आता पुन्हा विचार सुरू आहे, म्हणून फाइल काढली. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे : 'अतिरिक्त गुणसूत्राची मांडणी समजण्यासाठी कॅरिओटाइप करावा.' (कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहण्याची तपासणी.) ती ओळ आम्ही तेव्हा वाचली नाही आणि कोणी वाचून दाखवलीही नाही. नमुना घेतला तेथे विचारले, तर तेव्हा फक्त जलद तपासणीच मागवली होती आणि नमुना आता शिल्लक नाही, असे उत्तर मिळाले. डॉक्टरांचे म्हणणे असे की हा योगायोग होता, वय लहान आहे, पुढच्या वेळी एनआयपीटी (आईच्या रक्तावरून होणारी गर्भाची तपासणी) केली की पुरे. परंतु कोरेगावला दिलेल्या माझ्या नणंदेचे दोनदा दिवस राहून तिसऱ्या महिन्याच्या आतच गेले आहेत. सासूबाई म्हणतात, "आमच्या घरात असले काही नाही." या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो का, आणि पुढच्या वेळी नेमके काय मागावे?

दंडोबा (मिरज)

ताई, मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत गुणसूत्रांच्या विभागात बावीस वर्षे तंत्रज्ञ होतो आणि आता मिरजेत घरी असतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा उपचाराबद्दल काही सांगणार नाही. परंतु तुमच्या अहवालातली ती बारीक अक्षरातली ओळ मी स्वतः कित्येकदा टंकलेली आहे, म्हणून तिचा अर्थ सांगण्याचा अधिकार घेतो.

पुढच्या गर्भाची कोणती तपासणी करावी, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तुम्हा दोघांच्या रक्ताचा आहे. दिवस राहण्यापूर्वी दोघांचाही कॅरिओटाइप करून घ्या. त्याचे कारण असे.

क्यूएफ-पीसीआर ही मोजण्याची पद्धत आहे. आपल्या डीएनएमध्ये ठिकठिकाणी काही अक्षरांचा छोटा समूह पुन्हा पुन्हा आलेला असतो आणि तो किती वेळा आला आहे हे माणसागणिक बदलते. २१व्या गुणसूत्रावरच्या अशा चार-पाच जागा निवडायच्या, त्यांच्या रंगीत खुणा लावलेल्या प्रती तयार करायच्या आणि त्या यंत्रातून लांबीनुसार वेगळ्या करायच्या. गर्भाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असेल, तर आलेखावर सारख्या उंचीची दोन शिखरे दिसतात. तीन प्रती असतील, तर सारखी तीन शिखरे दिसतात, किंवा दोनच दिसतात पण एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच असते. पेशी वाढवण्याची गरज नसल्यामुळे एक-दोन दिवसांत उत्तर मिळते, आणि ते उत्तर चांगलेच भरवशाचे असते. तुमचा अहवाल चुकीचा होता, असे कृपया मनात आणू नका.

मात्र ती तिसरी प्रत कोठे बसली आहे, हे शिखरांवरून कळत नाही. सांगलीच्या हळदपेठेत दारावर पोती मोजणारा माणूस आत किती पोती आली ते बिनचूक सांगेल. दोन पोती एकत्र शिवलेली होती का, हे त्याला विचारून उपयोग नाही, कारण ते त्याचे काम नव्हे. डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के बाळांमध्ये २१वे गुणसूत्र सुटे, तिसरे म्हणून असते. बहुतेक वेळा ते स्त्रीबीज तयार होतानाच्या विभागणीतील चुकीमुळे येते, आणि ही चूक आईच्या वयाबरोबर वाढत जाते. एक-दोन टक्क्यांत काही पेशी सामान्य आणि काही तीन प्रतींच्या, म्हणजे मोझेक प्रकार असतो. उरलेल्या तीन-चार टक्क्यांत मात्र ती जादा प्रत दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुतेकदा १४व्याला, चिकटलेली असते. याला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात. अशा बाळांपैकी काहींमध्ये हा जोड नव्यानेच तयार झालेला असतो, आणि काहींमध्ये तो आई किंवा वडील यांच्याकडून आलेला असतो. त्या आईला किंवा वडिलांना स्वतःला काहीच त्रास नसतो, कारण त्यांच्यापाशी माल पूर्ण असतो, फक्त बांधणी वेगळी असते.

तिन्ही प्रकारांत क्यूएफ-पीसीआरचा अहवाल 'ट्रायसोमी २१' असाच येतो. (मोझेकमध्ये वेगळ्या पेशी फार कमी असतील, तर तो निसटूनही जातो.) म्हणून ती शिफारशीची ओळ असते, आणि ती ठळक अक्षरांत छापावी हे मी नोकरीत असताना अनेकदा सुचवले होते.

आता कॅरिओटाइप म्हणजे काय, हे थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याला तीन आठवडे का लागतात असे लोक रागाने विचारतात. गर्भजलात बाळाच्या त्वचेच्या, मूत्रमार्गाच्या आणि आवरणाच्या पेशी तरंगत असतात. त्यांतल्या पुष्कळशा मेलेल्याच असतात. नमुना फिरवून पेशी तळाशी आणायच्या, त्या निदान दोन वेगवेगळ्या भांड्यांत पोषक द्रव घालून ३७ अंशांवर ठेवायच्या आणि वाट पाहायची. साधारण सात ते चौदा दिवसांत पेशी पुरेशा वाढतात. गुणसूत्रे फक्त पेशी विभागत असतानाच सुटीसुटी दिसतात, म्हणून कोल्सेमिड घालून विभागणी मध्येच रोखायची. मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसेटिक आम्ल यांत त्या स्थिर करायच्या आणि काचपट्टीवर थेंब सोडायचा. हा थेंब सोडणे ही निव्वळ हाताची कला आहे. हवेत दमटपणा किती आहे त्यावर गुणसूत्रे किती पसरतील ते ठरते. जुलैमध्ये सुरेख पसरणारा नमुना एप्रिलच्या कोरड्या दुपारी आकसून बसतो, त्यामुळे आम्ही काचपट्ट्यांखाली ओले फडके ठेवत असू. त्यानंतर ट्रिप्सिनचा काही सेकंदांचा हात आणि जिम्सा रंग, की प्रत्येक गुणसूत्रावर त्याच्या ओळखीचे गडद-फिके पट्टे उमटतात. मी कामाला लागलो तेव्हा छायाचित्र छापून, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून, कागदावर जोड्या चिकटवाव्या लागत. आता संगणकावर ओढून लावतात. तरीही साधारण वीस पेशी डोळ्यांनीच तपासाव्या लागतात.

माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे १९५६ साली त्यो आणि लेव्हान यांनी दाखवले, डाउन सिंड्रोममध्ये ती ४७ असतात हे १९५९ साली पॅरिसमध्ये लज्यून, गोतिए आणि त्युरपँ यांनी, आणि गर्भजलातील पेशी वाढवून कॅरिओटाइप करता येतो हे १९६६ साली स्टील आणि ब्रेग यांनी. एवढी जुनी पद्धत, पण जोड प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचा तर आजही नेहमीच्या व्यवहारात तिलाच पर्याय नाही.

तुम्हा दोघांच्या बाबतीत तर तीन आठवडे थांबण्याचेही कारण नाही. रक्तातील लिम्फोसाइट पेशी ७२ तासांत वाढतात. प्रयोगशाळेत रांग नसेल, तर आठ-दहा दिवसांत अहवाल मिळू शकतो. तुमच्या नणंदेची हकीकत वाचून मी यजमानांच्या अहवालाकडे अधिक लक्ष देईन, एवढेच आज म्हणतो.

हिशेबनीस (सातारा)

दंडोबा साहेब, माहिती उत्तम आहे, परंतु एक शंका आहे. एनआयपीटीच्या पत्रकावर '९९ टक्के अचूक' असे छापलेले असते. मग सुई, पाणी, तीन आठवडे हा सगळा खटाटोप कशासाठी? आईचे रक्त घ्यावे आणि मोकळे व्हावे. माझ्या सुनेला तसेच सांगितले आहे.

दंडोबा (मिरज)

आपण हिशेबनीस आहात, तेव्हा हिशेबच मांडू.

गरोदर स्त्रीच्या रक्तात डीएनएचे सुटे तुकडे फिरत असतात आणि त्यांतील काही गर्भाच्या बाजूचे असतात, हे डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवले. दहाव्या आठवड्यानंतर हा वाटा साधारण १० टक्के भरतो. ४ टक्क्यांच्या खाली असेल, तर बहुतेक प्रयोगशाळा निष्कर्ष देत नाहीत. तपासणीत लाखो तुकडे वाचतात आणि प्रत्येक तुकडा कोणत्या गुणसूत्राचा आहे ते मोजतात. गर्भाचा वाटा १० टक्के आणि गर्भात २१व्याच्या तीन प्रती असतील, तर जेथे १०० तुकडे अपेक्षित असतात तेथे १०५ सापडतात. एवढ्याशा फरकावर सगळा डोलारा उभा आहे, आणि तो पकडता येतो ही थक्क करणारी गोष्ट आहे, हे मी मनापासून मान्य करतो.

आता आकडे. आजारी गर्भांपैकी ९९ टक्के सापडतात आणि निरोगी गर्भांपैकी ०.१ टक्का चुकून 'जास्त जोखीम' ठरतात, असे धरू. तरुण वयाच्या १०,००० गरोदर स्त्रिया घ्या, ज्यांच्यात हजारी एक गर्भ ट्रायसोमी २१चा आहे. म्हणजे १० गर्भ आजारी. ते जवळजवळ सगळे सापडतील. उरलेल्या ९,९९० निरोगी गर्भांपैकी ०.१ टक्का म्हणजे पुन्हा १०. ज्या २० जणींना 'जास्त जोखीम' असा अहवाल मिळेल, त्यांतील निम्म्या जणींचे बाळ निरोगी असेल. हाच हिशेब चाळिशीच्या स्त्रियांसाठी, जेथे शंभरी एक प्रमाण आहे, तेथे केला तर ९९ खऱ्या आणि १० खोट्या, म्हणजे दहांतील नऊ अहवाल खरे ठरतात. यंत्र तेच, रसायने तीच, पण कागदावरच्या त्याच शब्दांचा अर्थ बदलला. ९९ टक्के हा आकडा खोटा नाही. 'माझा अहवाल खरा असण्याची शक्यता किती' या प्रश्नाचे ते उत्तर नाही, इतकेच.

शिवाय ते तुकडे मुख्यतः वारेच्या बाहेरच्या थरातून येतात, बाळाच्या शरीरातून थेट नव्हे, आणि क्वचित वार आणि बाळ यांची गुणसूत्रे जुळत नाहीत. म्हणून एनआयपीटी ही चाळणी आहे, निदान नव्हे. सुनेचा अहवाल 'कमी जोखीम' आला, तर निश्चिंत राहायला पुष्कळ आधार आहे. 'जास्त' आला, तर पाणी तपासल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. आणि तीही शेवटी मोजणीच आहे. चिकटलेले गुणसूत्र तिला दिसत नाही.

कोयनाकाठ (कराड)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. दंडोबा यांनी प्रयोगशाळेची बाजू मांडली आहे, मी सुईच्या अलीकडची मांडते, कारण पुष्कळदा नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच बिघडलेला असतो.

ॲम्निओसेन्टेसिस पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. सोनोग्राफीत पाहत बारीक सुई घालतात, आणि पहिले एक-दोन मिलिलिटर पाणी बाजूला काढतात, कारण सुई आत जाताना आईच्या पेशी तिच्या टोकाशी येऊ शकतात. त्यानंतर १५ ते २० मिलिलिटर घेतात. आईच्या पेशी मिसळल्या आहेत का, हे क्यूएफ-पीसीआरमध्ये आईच्या रक्ताशी ताडून कळते, म्हणून नमुन्याबरोबर आईचेही थोडे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत पाठवावे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन विसरू नये. या प्रक्रियेमुळे गर्भ जाण्याची जोखीम जुन्या पुस्तकांत अर्धा ते एक टक्का दिलेली असते. अलीकडच्या एकत्रित अभ्यासांत ती त्याहून बरीच कमी, हजारी एक ते तीन इतकी आढळली आहे.

याहून लवकर उत्तर हवे असेल, तर अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेता येतो, म्हणजे सीव्हीएस. त्यात एक ते दोन टक्के वेळा वारेपुरताच मर्यादित मोझेकपणा सापडतो आणि मग खात्रीसाठी पुन्हा पाणी काढावे लागते.

नमुना जिवंत असतो, हे आपल्या भागात फार विसरले जाते. तो बर्फात गोठवायचा नाही आणि शनिवारी संध्याकाळी पेठ नाक्यावर ट्रॅव्हल्सच्या हवाली करायचा नाही. २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीत शिरलेले पाणी सगळ्यांना आठवत असेल. तशा दिवसांत शक्य असेल, तर मी रुग्णालाच पुण्याला जाऊन नमुना द्यायला सांगते. नमुना कमी असेल, तर तो जलद तपासणीला किती आणि कॅरिओटाइपला किती, हे आधी ठरवून अर्जावर लिहावे. द्राक्षबाग यांच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले असावे.

आठवड्यांचे गणितही पाहा. सोळाव्या आठवड्यात पाणी काढले, तर जलद अहवाल त्याच आठवड्यात आणि कॅरिओटाइप एकोणिसाव्याच्या आसपास मिळतो. २०२१ मधील दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते, वीस ते चोवीस या काळात ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यापुढे गर्भात गंभीर विकृती असेल, तर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. त्यामुळे 'अठराव्या आठवड्यातील सोनोग्राफीत काही दिसले तर पाहू' असे म्हणत थांबणे मला व्यक्तिशः पसंत नाही.

द्राक्षबाग, नणंदबाईंच्या दोन्ही गर्भपातांच्या वेळी बाहेर आलेला भाग तपासला होता का, हे जरूर विचारा.

द्राक्षबाग (तासगाव)

विचारले. दुसऱ्या वेळी बाटलीत घालून तपासायला दिला होता. अहवालात फक्त 'गर्भधारणेचे अवशेष' असे आहे. बाटलीतील पाण्याला उग्र वास होता, असे त्या म्हणाल्या.

दंडोबा (मिरज)

म्हणजे फॉर्मलिन. त्यात पेशी तत्क्षणी मरतात आणि त्यांची वाढ कधीच होऊ शकत नाही. डीएनएही इतका बिघडतो की पुढचे काम अवघड होते. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचा दोष असतो, तरी मी निवृत्त होईपर्यंत दर आठवड्याला निदान एक बाटली फॉर्मलिनमध्ये येत असे आणि आम्ही 'नमुना अयोग्य' असा शिक्का मारत असू. तो तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रवात पाठवायचा असतो. तेवढ्या एका चुकीने एका घराचे उत्तर कायमचे हरवते.

व्यवस्थापन

वरील एक प्रतिसाद काढून टाकला आहे. एनआयपीटीमधून मुलगा की मुलगी हे 'कळवून घेण्याचा' मार्ग त्यात विचारला होता. या संकेतस्थळावर तो विषय चालणार नाही.

कोयनाकाठ (कराड)

व्यवस्थापनाचे आभार. या निमित्ताने एवढेच सांगते की गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४चा, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली कडक झाला. गुणसूत्रांचे दोष शोधायला तोच कायदा परवानगी देतो : वय ३५च्या वर असणे, दोन किंवा अधिक गर्भपात झालेले असणे, आनुवंशिक आजाराचा कौटुंबिक इतिहास असणे, अशा कारणांसाठी, नोंदणी झालेल्या ठिकाणी आणि लेखी संमती घेऊन. प्रयोगशाळेतील माणसाला एक्स आणि वाय दिसतच असतात; अहवालात मात्र लिंग कळणार नाही अशीच शब्दरचना करतात.

माणदेश (आटपाडी)

आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. त्यामुळे असे गुणसूत्रांचे दोष वाढतात का?

दंडोबा (मिरज)

सुटी ट्रायसोमी नात्यातल्या लग्नाने वाढत नाही. नात्यात वाढतात ते एकेका जनुकाचे असे आजार, ज्यांत दोन्हीकडून बिघडलेली प्रत यावी लागते. ते कॅरिओटाइपमध्ये दिसत नाहीत आणि मायक्रोॲरेमध्येही (डीएनए कोठे कमी-जास्त आहे ते पाहणाऱ्या तपासणीत) सहसा सापडत नाहीत. त्यांसाठी जनुकाची वेगळी तपासणी लागते. 'कॅरिओटाइप नॉर्मल आला, म्हणजे नात्यातल्या लग्नाची काळजी मिटली' असे समजणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

येरळाकाठ (पलूस)

मायक्रोॲरेचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आमच्या भावजयीला विसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयात दोष दिसला आणि डॉक्टरांनी थेट मायक्रोॲरे सांगितली. ती कॅरिओटाइपपेक्षा नवी आणि महाग आहे, म्हणजे चांगलीच असणार ना? मग सगळ्यांनी तीच का करू नये?

कोयनाकाठ (कराड)

आपल्या भावजयीला दिलेला सल्ला योग्य आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाच ते दहा दशलक्ष अक्षरांहून लहान तुकडा तुटला किंवा वाढला, तर सहसा दिसत नाही. हृदयदोषात हमखास शोधला जाणारा २२व्या गुणसूत्रावरचा लोप साधारण तीन दशलक्ष अक्षरांचा असतो, म्हणजे कॅरिओटाइपच्या नजरेतून तो बहुधा निसटतो. मायक्रोॲरेमध्ये गर्भाचा डीएनए हजारो ठरावीक जागांवर तपासून कोठे कमी आहे आणि कोठे जास्त आहे ते पाहतात, त्यामुळे याच्या कित्येक पट लहान बदलही सापडतात आणि पेशी वाढवण्याचीही गरज पडतेच असे नाही. अमेरिकेत ४,४०६ स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीत दोष दिसूनही कॅरिओटाइप सामान्य आलेल्या गर्भांपैकी ६ टक्क्यांत मायक्रोॲरेने महत्त्वाचा बदल दाखवला. वयामुळे किंवा मार्करमुळे तपासलेल्या गर्भांत हे प्रमाण १.७ टक्के होते.

पण तीही मोजणीच आहे. द्राक्षबाग यांच्या यजमानांमध्ये समजा स्थानांतरण असेल आणि आपण त्यांची मायक्रोॲरे केली, तर अहवाल निर्दोष येईल, कारण कमी-जास्त काहीच नाही. शिवाय कधी कधी असा बदल सापडतो, ज्याचा अर्थ आज लावता येत नाही, आणि मग पोटात बाळ असताना ते पती-पत्नी 'अर्थ अनिश्चित' या दोन शब्दांसह महिनाभर झोपत नाहीत. तपासणीपूर्वी ही शक्यता सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि आम्ही घाईत ते नेहमी करतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

द्राक्षबाग (तासगाव)

सर्वांचे आभार. आमचे दोघांचे अहवाल आले आहेत.

माझा : ४६, एक्सएक्स.
यजमानांचा : ४५, एक्सवाय, डीईआर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०).

४५ हा आकडा वाचून यजमान हबकले. एक गुणसूत्र कमी असूनही माणूस व्यवस्थित कसा, असे ते तीनदा म्हणाले. डॉक्टरांनी जनुकीय समुपदेशनासाठी पुण्याची वेळ घेऊन दिली आहे; तोवर कृपया थोडे समजावून सांगाल का?

दंडोबा (मिरज)

त्यांना सांगा की काही हरवलेले नाही. १४वे आणि २१वे अशी दोन गुणसूत्रे एकत्र जुळून एक झाली, म्हणून मोजणी एकाने कमी भरली. जुळताना दोघांच्या टोकांची आखूड बाजू गळते, परंतु तीवरची जनुके १३, १४, १५, २१ आणि २२ या पाचही जोड्यांवर पुन्हा पुन्हा असतात, त्यामुळे काही अडत नाही.

अडचण शुक्रबीज तयार होताना येते. हे तीन भाग, म्हणजे सुटे १४, सुटे २१ आणि जोडगुणसूत्र, दोन वाट्यांत विभागायचे असतात, आणि सहा प्रकारची बीजे होऊ शकतात. एक पूर्ण सामान्य; एक वडिलांसारखेच जोड असलेले, पण संतुलित; एक २१वे जास्त झालेले; आणि तीन अशी, ज्यांत २१वे कमी किंवा १४वे कमी-जास्त असते. ही शेवटची तीन टिकत नाहीत, गर्भ पहिल्या महिन्यांतच जातो.

प्रत्यक्षात सहाही सारख्या प्रमाणात घडत नाहीत. वडील वाहक असतील, तर ट्रायसोमी २१च्या बाळाची शक्यता एक टक्क्याच्या आसपास असते. आई वाहक असेल, तर ती १० ते १५ टक्के असते. म्हणजे तुमच्यासाठी बातमी वाटते तितकी वाईट नाही. पुढच्या वेळी सीव्हीएस किंवा पाण्याची तपासणी करताना जलद तपासणीबरोबर कॅरिओटाइपही अर्जावर लिहून घ्या. बाळात संतुलित जोड दिसला, तर दोन्ही १४वी गुणसूत्रे एकाच पालकाकडून आलेली नाहीत ना, हे तपासावे का, असे समुपदेशकांना विचारा. तसे क्वचित घडते, पण विचारायला हवे.

खरी निकड तुमच्या नणंदेची आहे. त्याही वाहक असतील, तर त्यांच्या बाबतीत एक टक्क्याचा नव्हे, १० ते १५ टक्क्यांचा आकडा लागू होतो.

द्राक्षबाग (तासगाव)

हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी सांगितले की यजमानांच्या आधी त्यांचेही दोनदा दिवस राहून टिकले नव्हते, आणि तेव्हा 'नजर लागली' म्हणून विषय संपवला होता. हे यजमानांनाही ठाऊक नव्हते. सकाळी कोरेगावला फोन त्यांनीच केला. नणंद आणि नंदावे दोघेही रक्त द्यायला तयार आहेत. सासूबाई आणि सासरेही देणार म्हणतात. उपाशीपोटी यावे लागते का, आणि साताऱ्यात रक्त दिले तर चालेल का?

दंडोबा (मिरज)

उपाशी राहण्याची गरज नाही. साताऱ्यात चालेल, पण नळी हिरव्या झाकणाची, हेपॅरिनची मागा; जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्तात पेशींची नीट वाढ होत नाही. प्रत्येकी पाच मिलिलिटर पुरेल. नळी शीतपेटीत बर्फाला चिकटवून ठेवू देऊ नका आणि त्याच दिवशी पुण्याला पाठवायला सांगा. सोमवारी द्या. मंगळवारी वाढीला लावले, तर ७२ तास शुक्रवारी भरतात. गुरुवारी लावलेले रविवारी तयार होते आणि त्या दिवशी बऱ्याच प्रयोगशाळांत ते उचलायला कोणी नसते. अर्जावर यजमानांच्या अहवालाची प्रत जोडायला विसरू नका, म्हणजे पाहणारा माणूस आधी १४ आणि २१ कडेच पाहील.